शहराचा विकास आराखडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकास आराखडा वाचायला आणि त्यावर हरकती लिहायला शेजाऱ्यापाजाऱ्यांना मदत करता करता गेल्या काही वर्षांत पत्रांचा आणि निरोपांचा एक गठ्ठाच जमला. त्यांतले जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील कायद्याला धरून आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि जेथे दोन विषय एकमेकांत गुंतलेले आहेत तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विकास आराखडा म्हणजे नेमके काय? पूल, मेट्रो, उड्डाणपूल यांच्या प्रकल्पांपेक्षा तो वेगळा कसा?

शहराच्या हद्दीतील प्रत्येक जमिनीचा वापर पुढची साधारण वीस वर्षे कशासाठी करता येईल, हे ठरवणारा कायदेशीर दस्तऐवज म्हणजे विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली तो तयार होतो; पुढे नुसते ‘कलम’ म्हटले आहे तेथे याच कायद्याचे कलम समजावे. त्यात नकाशे असतात, त्या नकाशांमागचा विचार सांगणारा अहवाल असतो आणि बांधकामाचे नियम सांगणारी नियमावली त्याला जोडलेली असते. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता ही नियमावली आता राज्यभर एकच आहे. ती २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली होय. प्रकल्प येतात आणि पूर्ण होतात, पण ते कोठे होऊ शकतात आणि कोठे होऊ शकत नाहीत, हे आराखडा आधीच ठरवून ठेवतो.

२. पर्यावरण म्हणजे झाडे लावणे, कचरा वेगळा करणे, छतावर सौर पॅनेल बसवणे. नकाशावरच्या रेघांचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध फार जवळचा आहे, आणि मला या विषयाकडे ओढून आणणारा प्रश्न हाच होता. घरातला ओला कचरा घरातच जिरवणे आपल्या हातात आहे. पण मुलांची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे की रोज बारा किलोमीटर गाडी हाकावी लागते, हे शाळेसाठीची जागा आराखड्यात कोठे राखली आहे यावर ठरते. पावसाचे पाणी जमिनीत मुरणार की रस्त्यावरून वाहत कोणाच्या तरी तळमजल्यात शिरणार, हे ओढ्याचे पात्र नकाशावर मोकळे ठेवले आहे की नाही यावर ठरते. बसथांब्याजवळ परवडणारी घरे होतील की शहराबाहेरच्या माळावर पाण्याविना उभी राहतील, हेही त्या रंगवलेल्या कागदावर ठरते.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ४५ टक्क्यांहून अधिक लोक शहरांत राहत होते. शहर कसे वसते, यावर इतक्या लोकांचे पाणी, हवा आणि दिवसाचे तास अवलंबून आहेत. एकदा टेकडीवर इमारत उभी राहिली किंवा ओढ्यावर काँक्रीटचा स्लॅब पडला, की पुढच्या पिढीला ते सहसा परत मिळवता येत नाही. रेघ कागदावर असते तेव्हाच ती पुसायला किंवा सरकवायला सर्वांत सोपी असते.

३. आराखडा कोण तयार करते आणि त्याचे टप्पे कोणते?

नियोजन प्राधिकरण, म्हणजे शहरात बहुधा महापालिका किंवा नगरपालिका, आराखडा तयार करते. आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर केला जातो. त्यानंतर विद्यमान भूवापर नकाशा तयार होतो, म्हणजे आज प्रत्यक्ष जमिनीवर काय आहे त्याची नोंद केली जाते. मग प्रारूप आराखडा, म्हणजे आराखड्याचा कच्चा मसुदा, प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. हरकती ऐकण्यासाठी कलम २८ नुसार नियोजन समिती नेमली जाते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरण या विषयांतले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समितीच्या अहवालानंतर योग्य ते बदल करून आराखडा राज्य शासनाकडे जातो आणि कलम ३१ खाली शासन त्याला मंजुरी देते.

मुदतीत काम झाले नाही, तर शासन आराखडा स्वतःकडे घेऊ शकते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याबाबत २०१५ साली तसे घडले, आणि मंजुरी मिळायला २०१७ उजाडले. या सगळ्या टप्प्यांत नागरिकाने सर्वांत जागरूक राहावे असा टप्पा कोणता, असे विचाराल तर बहुतेक लोक प्रारूपाचे नाव घेतील. माझे उत्तर विद्यमान भूवापर नकाशा हे आहे. कारण प्रश्न ११ मध्ये दिले आहे.

४. नकाशा कोठे पाहायला मिळतो? माझी जागा त्यात शोधायची कशी?

प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर त्याची प्रत नागरिकांना पाहण्यासाठी उपलब्ध ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. महापालिकेच्या नगररचना किंवा विकास आराखडा कक्षात मोठे नकाशे लावलेले असतात, आणि आता ते बहुतेक ठिकाणी संकेतस्थळावरही असतात. जाताना सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका ठेवावी, कारण नकाशावर सोसायटीचे नाव नसते. तेथे सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा नगर भूमापन क्रमांक असतो. आधी गावाचे मूळ नाव शोधावे, मग क्रमांक, आणि त्यानंतर जवळचा ओळखीचा रस्ता किंवा देऊळ पाहून खात्री करावी.

मंजूर आराखड्यातील एका विशिष्ट जमिनीची स्थिती हवी असेल, तर शुल्क भरून झोन दाखला (ती जमीन कोणत्या वापराच्या विभागात आहे हे सांगणारा) आणि भाग नकाशा (नकाशाचा तेवढाच तुकडा) मागावा. जमीन किंवा घर विकत घेण्याआधी हे दोन कागद पाहावेत, असा माझा आग्रह आहे. दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबून आयुष्याची पुंजी घातलेली आणि नंतर आरक्षणात, म्हणजे सार्वजनिक सोयीसाठी राखलेल्या जागेत, सापडलेली कुटुंबे मी जवळून पाहिली आहेत.

५. नकाशावरचे रंग आणि आकडे समजत नाहीत. त्यासाठी अभियंता लागतो का?

लागत नाही. नकाशाच्या कोपऱ्यात सूची असते, ती आधी वाचावी. साधारणपणे पिवळा रंग निवासी, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक आणि हिरवा मोकळ्या जागांचा किंवा शेतीचा असतो. आरक्षणांना क्रमांक असतात आणि ‘खेळाचे मैदान’, ‘प्राथमिक शाळा’, ‘दवाखाना’ अशी नावे असतात. प्रस्तावित रस्त्यांवर मीटरमध्ये रुंदी लिहिलेली असते.

एकदा एका सभागृहात साठीच्या एक बाई नकाशासमोर बराच वेळ उभ्या होत्या. त्यांना रंग कळत नव्हते, पण त्यांनी बोटाने विहिरीची जागा शोधली, तेथून शेताचा बांध, बांधावरून ओढा आणि ओढ्यावरून त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचे वडाचे झाड. मग त्यांनी विचारले, “ओढा इथे संपतो कसा? पाणी कुठे जातं?” नकाशावर ओढा एका पिवळ्या पट्ट्याच्या कडेला येऊन नाहीसा झाला होता. आठवडाभर त्या नकाशापुढून गेलेल्या आम्हा शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही ते लक्षात आले नव्हते.

६. माझ्या जमिनीवर बागेचे आरक्षण पडले आहे. जमीन गेली का?

नाही. आरक्षण म्हणजे संपादन नव्हे. जमिनीची मालकी तुमचीच राहते; मात्र आरक्षणाशी विसंगत बांधकामाला परवानगी मिळत नाही. प्रारूपाच्या टप्प्यावर तुम्ही हरकत घेऊ शकता (प्रश्न ९). आराखडा मंजूर झाल्यावर प्राधिकरण कलम १२६ नुसार जमीन घेऊ शकते. ती परस्पर संमतीने मोबदला देऊन घेता येते, मोबदल्याऐवजी चटई क्षेत्र (म्हणजे बांधकाम करता येईल असे क्षेत्रफळ) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (प्रश्न ७) देऊन घेता येते किंवा भूसंपादनाच्या कायद्याने घेता येते. काही आरक्षणांच्या बाबतीत समावेशक आरक्षणाचाही मार्ग असतो. त्यात मालक ठरलेला भाग सार्वजनिक सोयीसाठी विकसित करून प्राधिकरणाच्या हवाली करतो आणि उरलेल्या जागेवर स्वतः बांधकाम करतो.

७. हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, कसा काम करतो?

समजा, तुमची जमीन मैदानासाठी हवी आहे. तुम्ही ती महापालिकेच्या नावे करून दिली, की रोख रकमेऐवजी तुम्हाला विकास हक्क प्रमाणपत्र मिळते. त्यात लिहिलेले चटई क्षेत्र शहरात जेथे नियमाने चालते तेथे तुम्ही स्वतः वापरू शकता किंवा दुसऱ्या बांधकाम व्यावसायिकाला विकू शकता. मुंबईत १९९१ च्या नियमावलीने ही पद्धत आणली. तिजोरीत पैसे नसतानाही महापालिकेला जागा मिळते, हा तिचा मोठा फायदा आहे. मात्र जेथे हा हक्क वापरला जातो तेथे लोकसंख्या वाढते आणि पाणी, सांडपाणी, रस्ते यांवर भार पडतो. त्यामुळे आपल्या भागात बाहेरून किती विकास हक्क येऊन वापरला जातो आहे, याकडेही नागरिकांनी पाहायला हवे.

८. आरक्षण पडून दहा वर्षे झाली आणि महापालिकेने काहीच केले नाही. आता ते आपोआप उठते का?

आपोआप उठत नाही. कलम १२७ नुसार अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संमतीने घेतली गेली नाही किंवा संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही, तर मालकाने मालकीच्या कागदपत्रांसह प्राधिकरणाला रीतसर सूचना द्यावी लागते. तिच्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा संपादनाची ठोस पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झाले, म्हणजे संपले, असे मानले जाते आणि लगतच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय आहे तो या जमिनीला मिळतो. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. ती दोन टप्प्यांत वाढवण्यात आली. ‘पावले’ म्हणजे नुसता पत्रव्यवहार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे.

मालकाच्या दृष्टीने हे कलम न्याय्य आहे, कारण कोणाची जमीन अनंतकाळ अडकवून ठेवणे योग्य नाही. पण याच वाटेने अनेक शहरांनी मैदाने, शाळा आणि उद्याने गमावली आहेत. आपल्या वस्तीतले आरक्षण टिकावे असे वाटत असेल, तर दहा वर्षे पूर्ण होण्याच्या बऱ्याच आधी अंदाजपत्रकात त्या जागेसाठी तरतूद व्हावी म्हणून पाठपुरावा करावा लागतो. सूचना आल्यावर धावपळ करून फारसे हाती लागत नाही.

९. हरकत लिहायची कशी? नमुना मिळेल का?

हरकत साध्या कागदावर लिहिता येते. वकील लागत नाही. मुदत जाहीर सूचनेत दिलेली असते. ती मूळ सूचनेतूनच वाचावी, ऐकीव तारखेवर विसंबू नये. अर्जात जागेची ओळख, प्रारूपात काय दाखवले आहे, त्याला हरकत का आहे आणि त्याऐवजी काय हवे, या चार गोष्टी असायलाच हव्यात. शेवटची गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहिलेल्या अर्जावर समितीला काही करता येत नाही.

मी बहुतेकांना अशा प्रकारे लिहायला सांगतो: ‘मौजे अमुक, सर्व्हे नंबर अमुक येथे प्रस्तावित १८ मीटर रुंद रस्ता अस्तित्वातील ओढ्याच्या पात्रातून दाखवला आहे. गावनकाशात या ओढ्याची नोंद आहे, प्रत सोबत जोडली आहे. पावसाळ्यात या पात्रातून पाणी वाहत असल्याची छायाचित्रे तारखेसह जोडली आहेत. सदर रस्ता ओढ्याच्या पूर्वेकडील काठाबाहेर सरकवावा, ओढ्याचे संपूर्ण पात्र नकाशावर नाला म्हणून दाखवावे आणि मला सुनावणीची संधी द्यावी.’ एका अर्जात एकच मुद्दा घ्यावा. अर्ज दिल्यावर आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी, कारण सुनावणीला नाव पुकारले गेले नाही तर तीच तुमचा पुरावा असते.

१०. एकाच मजकुराचे हजारो अर्ज दिल्याने फरक पडतो का?

पडतो, पण लोक समजतात तसा नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूपावर २०१३ साली सुमारे ८७ हजार हरकती आल्या. एवढी संख्या आली की प्रश्न दडपता येत नाही, वर्तमानपत्रे लिहितात, राज्यकर्ते लक्ष घालतात. परंतु समितीसमोर एकाच मजकुराच्या अर्जांचा निर्णय बहुधा एकत्रितच होतो. मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रारूप एप्रिलमध्येच पुन्हा तपासणीसाठी मागे घ्यावे लागले. त्यामागे लोकांचा संताप होताच, पण अमुक वारसावास्तू यादीतून गळली आहे, तमुक रस्ता उभ्या इमारतीवरून गेला आहे, अशा ठिकाणानिशी दाखवलेल्या चुकाही होत्या. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि अंतिम आराखडा १ सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. म्हणून छापील अर्ज जरूर द्यावेत, पण त्यांच्या जोडीला प्रत्येक गल्लीतून पुराव्यासह एक तरी स्वतंत्र अर्ज जावा.

११. आमच्या भागातला ओढा नकाशावर दिसतच नाही. तो परत कसा आणायचा?

मला सर्वांत जास्त वेळा आलेला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. ओढा बारा महिने वाहत नसेल, तर उन्हाळ्यात झालेल्या सर्वेक्षणात तो ‘मोकळी जमीन’ म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो. विद्यमान भूवापर नकाशात तो नसला, की प्रारूपातही नसतो, आणि प्रारूपात नसला, की बांधकामाच्या परवानगीत त्याचा विचार होत नाही. पुढे पाऊस मात्र जुन्याच वाटेने येतो.

पुण्यातील आंबील ओढ्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. कात्रजच्या डोंगरातून उतरणाऱ्या या ओढ्याचा प्रवाह पेशवाईत वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले होते. म्हणजे त्या काळीही त्याच्या पाण्याची ताकद ओळखून त्याला जागा दिली गेली होती. आधुनिक शहराने त्याची रुंदी ठिकठिकाणी आवळत नेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो फुगून काठच्या वस्त्यांत आणि सोसायट्यांत घुसला आणि माणसे दगावली. सकाळी भिंतींवर छातीपर्यंत चिखलाची रेघ होती आणि गाड्या एकमेकींवर चढलेल्या होत्या.

पुराव्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा घ्यावा. त्यात ओढे-नाले दाखवलेले असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे पाहावेत. गावातल्या वयस्कर माणसांना विचारून जुन्या मोऱ्या, साकव आणि पाणवठे यांच्या जागा टिपाव्यात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे आणि नाले यांची पात्रे, ती दुसऱ्या कोणाची मालमत्ता असल्याचे सिद्ध होत नसेल तर, राज्य शासनाची मालमत्ता असतात. हा आधार हरकतीत जरूर लिहावा. पहिल्या मोठ्या पावसात छायाचित्रे काढावीत आणि त्यात एखादा विजेचा खांब किंवा भिंत दिसेल असे पाहावे, म्हणजे जागा नाकारता येत नाही.

१२. निळी पूररेषा आणि लाल पूररेषा यांत फरक काय? त्यांच्या आत घर घ्यावे का?

पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येऊ शकेल अशा पुराची पातळी निळ्या रेषेने, तर शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची पातळी लाल रेषेने दाखवली जाते. या रेषा जलसंपदा विभाग आखतो. नदी आणि निळी रेषा यांच्यामधले क्षेत्र निषिद्ध असते. तेथे उद्याने, मोकळ्या जागा आणि काही सार्वजनिक सोयी सोडल्या तर नवे बांधकाम करता येत नाही. निळ्या आणि लाल रेषांच्या मधले क्षेत्र नियंत्रित असते. तेथे लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर बांधकामाला परवानगी मिळू शकते.

‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ आता शंभर वर्षे चिंता नाही, असा होत नाही. कोल्हापूर आणि सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे महापूर सोळा वर्षांत पाहिले. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाऊस कमी वेळात अधिक कोसळू लागला असताना जुन्या आकडेवारीवर आखलेल्या रेषा ही सुरक्षिततेची किमान मर्यादा समजावी. माझे स्वतःचे मत असे, की लाल रेषेच्या आत कर्ज काढून घर घेऊ नये.

१३. टेकड्यांवरच्या बांधकामबंदीमुळे तेथील जमीनमालकांवर अन्याय होत नाही का?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पुण्यात १९९७ साली समाविष्ट झालेल्या गावांतील सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. ते टिकावे म्हणून नागरिकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २०१५ साली शासनाने त्याला मान्यता दिली. शहराचा भूजलसाठा, हवा आणि ओढ्यांचे उगम या टेकड्यांवर अवलंबून आहेत, त्यामुळे बांधकाम नको, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पण त्या जमिनींचे मालक काही कोणी परके नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे चारणारी कुटुंबे त्यांच्यात आहेत. त्यांना देऊ केलेला मोबदला अपुरा वाटतो आणि तो हाती यायला वर्षे लागतात, ही त्यांची तक्रार खरी आहे. टेकडी वाचवा म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्याच दमात मालकाला वेळेवर आणि पुरेसा मोबदला द्या, असेही म्हटले पाहिजे, कारण मोबदला रखडला की तेथे हळूहळू अनधिकृत घरे उभी राहतात आणि टेकडी तशीही जाते.

१४. जास्त चटई क्षेत्र आणि उंच इमारती म्हणजे शहराचे नुकसानच, नाही का?

सरसकट तसे म्हणता येत नाही. दाट वस्तीच्या शहरात जलवाहिन्या आणि मलवाहिन्या कमी लांबीच्या लागतात, बस भरून धावते आणि आजूबाजूची शेती वाचते. मेट्रो स्थानकांच्या ५०० मीटर परिसरात अधिक चटई क्षेत्र देण्यामागे हाच विचार आहे. नुकसान होते ते चटई क्षेत्र वाढवून त्याच्या सोबतीची जागा न वाढवल्याने. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. आपल्या प्रभागाची लोकसंख्या घ्या, आराखड्यातील उद्याने आणि मैदानांचे क्षेत्र मोजा आणि भागाकार करून पाहा. हरकतीत हा आकडा घातला, तर तो चार पानी निवेदनापेक्षा अधिक बोलतो.

१५. नगररचना योजना म्हणजे काय? ती भूसंपादनापेक्षा बरी का मानतात?

या योजनेत एका भागातल्या सर्व जमिनी कागदोपत्री एकत्र केल्या जातात, त्यांतून रस्ते, उद्याने आणि सार्वजनिक सोयींसाठी जागा काढली जाते आणि उरलेली जमीन आखीव भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत दिली जाते. भूखंड लहान होतो, पण त्याला रस्ता आणि सोयी मिळाल्याने त्याची किंमत वाढते. झळ एकट्यादुकट्या मालकाला बसत नाही, सर्वांना सारखी वाटली जाते. मुंबई इलाख्यात यासाठी १९१५ साली कायदा झाला होता. त्यानंतर आपल्याकडे ही पद्धत मागे पडली, गुजरातने मात्र ती सातत्याने वापरली. पुण्याजवळ मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून स्वतःच नगर वसवले. ती या कायद्याखालची योजना नव्हती, पण एकत्र येण्याचे तत्त्व तेच होते.

१६. मी भाड्याने राहतो, माझ्या नावावर जमीन नाही. मला हरकत घेता येते का?

येते. कायदा कोणत्याही व्यक्तीला लेखी हरकत किंवा सूचना देऊ देतो. त्यासाठी मालकीची अट नाही. भाडेकरू, झोपडपट्टीतील रहिवासी, पथारीवाले, विद्यार्थी, सर्वांना हा अधिकार आहे. एका सुनावणीत एका निवृत्त शिक्षिकेने वस्तीपासून सर्वांत जवळच्या शाळेपर्यंतचे अंतर पहिलीतल्या मुलाच्या पावलांनी मोजून आणले होते. वाटेत दोन हमरस्ते ओलांडावे लागत होते. त्या बाईंची त्या भागात एक गुंठाही जमीन नव्हती, पण शाळेच्या आरक्षणासाठी त्यांच्याइतके नेमके कोणीच बोलले नाही.

१७. आमची इमारत रीतसर परवानगी घेऊन बांधलेली आहे, तरी नव्या प्रारूपात तिच्यावरून रस्ता गेला आहे.

घाबरून जाऊ नये, पण गप्पही बसू नये. बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र जोडून हरकत घ्यावी आणि रस्त्याची पर्यायी आखणी सुचवावी. विद्यमान भूवापर नकाशात तुमची इमारत नसणे हे अशा चुकीचे नेहमीचे कारण असते. आखणी कायम राहिली, तरी इमारत लगेच पाडली जात नाही. बहुतेक वेळा पुनर्विकासाच्या वेळी रस्त्याखालची जागा सोडावी लागते आणि तिच्या बदल्यात चटई क्षेत्र मिळते.

१८. आराखडा मंजूर झाला. आता काहीच करता येत नाही का?

मंजूर आराखड्यातही कलम ३७ नुसार फेरबदल होऊ शकतात आणि त्यासाठी पुन्हा जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. या सूचना वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांत लहान अक्षरांत येतात. मैदानाचे आरक्षण बदलून दुसरे काही करण्याचे प्रस्ताव अनेकदा याच मार्गाने येतात, म्हणून त्या वाचण्याची जबाबदारी मंडळातल्या एका माणसाने आळीपाळीने घ्यावी. शिवाय शासन मंजुरी देताना काही भाग वगळून ठेवते आणि त्यांतील मोठ्या बदलांवर स्वतंत्रपणे हरकती मागवते. तीही एक संधी असते. कोणत्या आरक्षणाची जागा ताब्यात आली, कोणती आली नाही, याची यादी माहिती अधिकारात मागता येते. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. ही यादी हाती असेल, तरच प्रश्न ८ मध्ये सांगितलेला पाठपुरावा करता येतो.

१९. आमचे गाव नुकतेच महापालिकेत आले. नवा आराखडा होईपर्यंत कोणता नियम चालतो?

तोपर्यंत आधीच्या प्रादेशिक योजनेतील (म्हणजे शहराबाहेरच्या मोठ्या प्रदेशाच्या जमीनवापराच्या योजनेतील) तरतुदी लागू राहतात. पुणे महापालिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावे आली, तेव्हापासून हा प्रश्न सतत येतो. जुनी व्यवस्था गेलेली आणि नवी न आलेली, असा हा मधला काळ सर्वांत नाजूक असतो. याच काळात गुंठ्या-गुंठ्याने जमिनी विकल्या जातात, नऊ-दहा फुटांचे रस्ते पडतात आणि अग्निशमनाची गाडी आत जाणार नाही अशी वस्ती तयार होते. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरे नियमित करता येतात. त्याची मूळ मर्यादा १ जानेवारी २००१ ची होती. ती २०२१ साली वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना संधी दिली गेली. मात्र नियमित झालेल्या घराला कागद मिळतो, रुंद रस्ता किंवा मैदान मिळत नाही.

म्हणून अशा गावांतील ग्रामस्थांनी प्रारूपाची वाट न पाहता गायरान, ओढे, तळी, स्मशानभूमी, जत्रेचे मैदान आणि पाणंद रस्ते यांची यादी सर्व्हे नंबरांसह करावी आणि विद्यमान भूवापराचे सर्वेक्षण सुरू होण्याआधीच नियोजन प्राधिकरणाकडे द्यावी. यादीवर जुन्या माणसांच्या सह्या घ्याव्यात, जोडीला गावनकाशाची प्रत लावावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी.